अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींवरून देवयानी दीर्घिकेचे चित्र कसे घडवावे

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या लातूरकडच्या बोलीत येळवशीला, कोपीपाशी भज्जी-आंबिलीचे जेवण उरकल्यावर जी मंडळी अंधार पडेपर्यंत शेतातच रेंगाळतात, त्यांना मी दरवर्षी आकाशातला एक धुरकट डाग दाखवतो. त्यासाठी ही रात्र अगदी सोयीची असते. चंद्र नसतो, हवा कोरडी असते आणि संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) माथ्यापासून थोडी उत्तरेला, आमच्या अक्षांशावरून सुमारे ६७ अंश उंचीवर आलेली असते. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाच ठळक तारे इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे मांडलेले दिसतात; त्या अक्षराचे जे शिखर अधिक टोकदार आहे ते ज्या बाजूला रोखलेले असते, त्या बाजूने नजर माथ्याकडे नेत गेले की तो डाग सापडतो. मागच्या खेपेस आमचे चुलते बराच वेळ मान वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढ्यासाठी गारठ्यात उभं केलास व्हय रं?” त्यांची तक्रार रास्त होती, कारण आदल्याच दिवशी त्यांनी नातवाच्या मोबाइलवर हबल या अंतराळ दुर्बिणीचे देवयानीचे चित्र पाहिले होते आणि त्यात निळ्या ताऱ्यांचे पुंजके, धुळीचे काळे पट्टे आणि मोजता न येणारे तारे होते.

तो डाग आणि ते चित्र यांच्यामध्ये जे काम आहे, त्याविषयी हे लेखन आहे. अंतराळ दुर्बीण रंगीत चित्र पाठवत नाही. ती एका वेळी एकाच फिल्टरमधून आलेल्या प्रकाशाची मोजणी पाठवते. त्या मोजणीचे चित्र पुढे कोणीतरी टेबलाशी बसून घडवते, आणि तो बसणारा माणूस औशात, उदगीरात किंवा परभणीत असला तरी चालतो. त्याच्याकडे एक साधारण लॅपटॉप हवा, ८ जीबी मेमरी असेल तर उत्तम, आणि चार-पाच संध्याकाळी हव्यात. लागणारी सर्व सॉफ्टवेअरे मोफत आहेत.

आधी मोजमाप

खगोलशास्त्राच्या सूचीत एम ३१ या नावाने ओळखली जाणारी ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. एवढ्या अंतरावर असूनही आकाशात तिचा विस्तार सुमारे ३ अंशांचा आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका रांगेत मांडावेत इतका. डोळ्यांना दिसतो तो केवळ तिचा तेजस्वी गाभा. याउलट हबलवरील ‘एसीएस’ या कॅमेऱ्याच्या मुख्य भागाला एका वेळी आकाशाचा जेमतेम २०२ विकलांचा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) चौकोन दिसतो, आणि तो चंद्राच्या व्यासाच्या नवव्या हिश्श्याएवढा असतो. देवयानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे चौकोन एका ओळीत मांडायचे म्हटले तरी पन्नासाहून अधिक लागतील.

म्हणूनच तिचे मोठे चित्र वाकळीसारखे तुकडे जोडून शिवावे लागले. ‘पॅनक्रोमॅटिक हबल अँड्रोमेडा ट्रेझरी’ या प्रकल्पात २०१० ते २०१३ या काळात हबलने पृथ्वीभोवतीच्या आपल्या ८२८ फेऱ्या या कामासाठी दिल्या. त्यातून दीर्घिकेच्या तबकडीचा सुमारे एक तृतीयांश भाग टिपला गेला आणि ४११ ठिकाणी रोखून घेतलेल्या ७,३९८ नोंदींतून जानेवारी २०१५ मध्ये दीड अब्ज पिक्सेलचे चित्र प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडच्या भागाचे काम नंतरच्या प्रकल्पात झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही मिळून अडीच अब्ज पिक्सेलची वाकळ पुरी झाली. तीत २० कोटींहून अधिक तारे सुटे ओळखता येतात.

नवख्याने संपूर्ण वाकळीच्या नादी लागू नये. एक ठिगळ पुरेसे आहे, आणि ते लहान नाही. २५ लाख प्रकाशवर्षांवर २०२ विकला म्हणजे सुमारे २,४५० प्रकाशवर्षे रुंदीचा प्रदेश होतो आणि ०.०५ विकलांचा एक पिक्सेल ०.६ प्रकाशवर्षाच्या आसपास भरतो. हे गणित स्वतः एकदा कागदावर करून पाहावे, असा माझा आग्रह असतो. त्यानंतर पडद्यावर एकेक पिक्सेल सरकवताना हात आपोआप जपून चालतो.

कोणते ठिगळ घ्यावे? बहुतेक जण गाभ्याकडे धावतात आणि निराश होतात, कारण तिथे तारे इतके दाटलेले आहेत की चित्रभर एक पिवळसर उजेड तेवढा उरतो. मी एनजीसी २०६ सुचवतो. देवयानीच्या नैर्ऋत्य बाजूचा हा तरुण ताऱ्यांचा भलाथोरला ढग आहे. तिथे निळे तारे, तांबडे तारे आणि धूळ हे तिन्ही एकाच चौकटीत सापडतात. ज्यांना तेजोमेघाची लाली हवी असेल त्यांनी शेजारच्या त्रिकोण दीर्घिकेतील, म्हणजे एम ३३ मधील, एनजीसी ६०४ घ्यावा. तोही हबलने टिपलेला आहे.

आपल्या देशाची ‘ॲस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेली. तिच्यावरील अतिनील दुर्बिणीने देवयानीचे सर्वेक्षण केलेले आहे. तिचे दृष्टिक्षेत्र २८ कलांचे, म्हणजे जवळजवळ चंद्राएवढे असल्यामुळे अवघ्या १९ चौकटींत बराचसा विस्तार बसला. त्या नोंदी इस्रोच्या बेंगळुरूजवळील ब्यालालू येथील विदा (डेटा) केंद्राकडे असतात. दुसरे चित्र करताना त्यांच्याकडे अवश्य वळावे. पहिल्यासाठी मात्र हबलच्या नोंदी अधिक तयार अवस्थेत मिळतात.

नोंदी मिळवणे

हबलच्या सर्व नोंदी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संस्थेच्या ‘मास्ट’ या संग्रहात ठेवलेल्या आहेत. नवी नोंद पहिले काही महिने ती मागणाऱ्या शास्त्रज्ञासाठी राखून ठेवलेली असू शकते; त्यानंतर ती जगातल्या कोणालाही खुली होते आणि खुल्या नोंदींसाठी खाते उघडावे लागत नाही. हे काम पावसाळ्यात करण्याजोगे आहे, हे जाता जाता सांगतो. आषाढ-श्रावणात आपल्याकडे तारा दिसण्याची मारामार असते, आणि हबल तर ढगांच्या कितीतरी वर फिरत असते.

संग्रहाच्या शोधपेटीत लक्ष्याचे नाव टाकल्यावर शेकडो ओळींची यादी समोर येते. ती पाहून गांगरू नये. मोहीम म्हणून हबल, उपकरण म्हणून एसीएसचा मोठ्या क्षेत्राचा कॅमेरा आणि फिल्टर म्हणून ‘एफ ४७५ डब्ल्यू’ व ‘एफ ८१४ डब्ल्यू’ एवढ्या तीन चाळण्या लावल्या की यादी आटोक्यात येते. या नावांची उकल सोपी आहे: मधला आकडा म्हणजे नॅनोमीटरमधील मध्यवर्ती तरंगलांबी आणि शेवटचा ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद पट्टा. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरला तिथे ‘एन’ असतो. हायड्रोजनच्या लाल प्रकाशासाठीचा ‘एफ ६५८ एन’ हे त्याचे उदाहरण. दोन्ही फिल्टरच्या नोंदी शक्यतो एकाच प्रकल्पातील, एकाच दिवसाच्या आणि एकाच जागेच्या निवडाव्यात. वेगळ्या वर्षी घेतलेल्या नोंदींत दुर्बीण वेगळ्या कोनात वळलेली असते आणि मग दोन चौकटी जुळवण्यातच संध्याकाळ जाते.

प्रत्येक नोंदीखाली अनेक फाइली असतात आणि इथेच पहिली गल्लत होते. नावाच्या शेवटी ‘रॉ’ असलेली फाइल कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली असते. ‘एफएलटी’ मध्ये कॅमेऱ्याचे ठरावीक दोष वजा केलेले असतात. ‘एफएलसी’ मध्ये त्याशिवाय आणखी एक दुरुस्ती असते: अवकाशातील किरणांच्या माऱ्याने कॅमेऱ्याची प्रकाश टिपणारी चकती वर्षानुवर्षे झिजते, वाचन करताना विद्युतभार एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकवला की थोडा मागे सांडत जातो, आणि ताऱ्यांना फिकट शेपट्या फुटतात, त्या शेपट्यांचा हिशेब या फाइलीत चुकता केलेला असतो. ‘डीआरसी’ ही फाइल अशा अनेक दुरुस्त नोंदी एकत्र करून, कॅमेऱ्यामुळे प्रतिमेत आलेला वाकडेपणा सरळ करून तयार केलेली असते. आपल्याला हीच हवी.

अशी एक फाइल साधारण २०० एमबीची असते, म्हणजे दोन फिल्टरच्या मिळून ४०० एमबी होतात. मोबाइलच्या रोजच्या डेटात हे बसते, परंतु आमच्याकडे मध्येच वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून मी पहाटे उतरवून घेतो आणि उतरलेल्या फाइलीचा आकार संग्रहातल्या आकड्याशी ताडून पाहतो. अर्धवट फाइलीवर काम सुरू करण्याचा मनस्ताप एकदा झाला की ही सवय कायमची लागते.

फाइल उघडल्यावर

ही फाइल ‘फिट्स’ या, खगोलशास्त्रातील नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वरूपाची असते. ती पाहण्यासाठी ‘डीएस९’ आणि तिचे चित्र बनवण्यासाठी ‘फिट्स लिबरेटर’ ही दोन सॉफ्टवेअरे घ्यावीत. पुढचे रंगकाम ‘गिम्प’ या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. फाइलीत एकाहून अधिक थर असतात. ‘एससीआय’ म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, ‘डब्ल्यूएचटी’ म्हणजे कोणत्या पिक्सेलवर किती विश्वास ठेवावा याचे माप. चित्र पहिल्या थराचे करायचे असते.

चित्राआधी मात्र मथळा वाचावा. प्रत्येक फिट्स फाइलीच्या आरंभी साध्या अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक नोंदवही असते. तीत वेधाची तारीख, एकूण किती सेकंद प्रकाश घेतला आणि कोणता फिल्टर होता हे सगळे असते. एसीएस कॅमेऱ्यात फिल्टरची दोन चाके एकापुढे एक बसवलेली आहेत. म्हणून मथळ्यातही ‘फिल्टर१’ आणि ‘फिल्टर२’ अशा दोन ओळी असतात, आणि ज्या चाकाचा उपयोग नसतो त्याच्या ओळीत ‘क्लिअर’ असा शब्द असतो. ‘एफ ४७५ डब्ल्यू’ पहिल्या चाकावर आहे आणि ‘एफ ८१४ डब्ल्यू’ दुसऱ्या. मी पहिल्या वर्षी फक्त पहिली ओळ वाचली, एका फाइलीत ‘क्लिअर’ दिसल्यावर घाईघाईने भलताच अर्थ लावला आणि दोन फाइलींची नावे उलटसुलट ठेवून दिली. त्या चुकीचे काय झाले ते पुढे येईल.

आता ‘एससीआय’ थर उघडला की काळा पडदा दिसतो. फार तर चार-सहा पांढरे ठिपके दिसतात. फाइल बिघडली आहे असे समजून ती पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. बिघाड काही नसतो. माळवदाच्या घरात उंबऱ्याशी बसलेल्या आजीचा फोटो भर दुपारी आतून काढला तर काय होते, ते आठवावे: अंगण नीट यावे म्हटले तर आजी काळी पडते, आजी नीट यावी म्हटले तर अंगण पांढरेफटक होते. देवयानीच्या चौकटीतील सर्वांत ठळक आणि सर्वांत मंद बिंदूंत हजारो पटींचा फरक असतो आणि पडद्याला तो एकदम पेलत नाही. त्यासाठी मोजणीचे आकडे एका गणिती नियमाने ताणावे लागतात. मंद भाग पुष्कळ वर उचलायचा आणि तेजस्वी भाग दाबून ठेवायचा, असा तो नियम असतो. फिट्स लिबरेटरच्या यादीत असे अनेक नियम आहेत. ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिकेसाठी मला ‘आर्कसिंच’ हा सर्वांत समजूतदार वाटतो, कारण तो मंद आकड्यांना जवळपास सरळ रेषेत वाढवतो आणि मोठ्या आकड्यांवर मात्र लॉगॅरिथमप्रमाणे लगाम घालतो. त्यामुळे ताऱ्यांचे गाभे जळून जात नाहीत.

यानंतरचा निर्णय या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे: काळा कुठे धरायचा? एकट्या ताऱ्याच्या किंवा दूरच्या छोट्या दीर्घिकेच्या चित्रात कडेला रिकामे आकाश असते. त्याची पातळी काळी धरली की झाले. देवयानीच्या तबकडीतल्या चौकटीत रिकामे आकाश मिळत नाही. दोन ताऱ्यांच्या मधली जी जागा मोकळी वाटते, तिथेही सुटे न दिसणाऱ्या असंख्य मंद ताऱ्यांचा मिळून झालेला उजेड असतो. उठाव यावा म्हणून तो उजेड कापून टाकला, तर चित्र काळ्या मखमलीवर हिरे उधळल्यासारखे देखणे होते आणि खोटे होते, कारण धुळीचे पट्टे त्या उजेडावरच उठून दिसत असतात. उजेड गेला की धूळही गेली. म्हणून फिट्स लिबरेटरमध्ये कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा जो आलेख असतो, त्यात आकड्यांचा डोंगर जिथे सुरू होतो त्याच्या किंचित डावीकडे काळ्याची खूण ठेवावी, डोंगराच्या पोटात नव्हे. पांढऱ्याची खूण ठेवताना मोजकेच तारे पूर्ण पांढरे होतील एवढे पाहावे. ताणण्याचा नियम दोन्ही फिल्टरना एकच वापरावा, खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असू द्याव्यात, आणि त्या कागदावर टिपून ठेवाव्यात. मग दोन्ही चित्रे १६ बिटच्या टिफ स्वरूपात साठवावीत. या टप्प्यावर जेपेग वापरू नये.

दोन चौकटी जुळवणे

एकाच दिवसाच्या नोंदी घेतल्या असतील तर हे काम दहा मिनिटांचे आहे. गिम्पमध्ये दोन्ही चित्रे एकावर एक थरांत उघडून वरचा थर अर्धपारदर्शक करावा आणि चारही कोपऱ्यांतील एकेक तारा पूर्ण मोठा करून पाहावा. तारा दुहेरी दिसला तर वरचा थर एकेक पिक्सेल सरकवावा. एका कोपऱ्यात जुळते आणि समोरच्या कोपऱ्यात सुटते असे झाले, तर चौकट फिरलेली आहे. अशा वेळी हाताने खटपट न करता ‘सिरिल’ या सॉफ्टवेअरकडून ताऱ्यांच्या आधारे जुळवणी करून घ्यावी.

रंग

‘एफ ४७५ डब्ल्यू’ चा प्रकाश निळ्या-हिरव्या पट्ट्यातला आहे. ‘एफ ८१४ डब्ल्यू’ चा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडचा आहे. माणसाच्या डोळ्यांची पोच साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंत, त्यामुळे तो आपल्याला प्रत्यक्ष दिसलाच नसता. मग “हे रंग खरे का?” हा प्रश्न येतो, आणि तो प्रत्येक प्रदर्शनात येतो. मी असे उत्तर देतो की रंगांचा क्रम खरा आहे, रंगांची छटा आपण ठरवलेली आहे. ज्या फिल्टरची तरंगलांबी मोठी त्याला तांबडा, ज्याची लहान त्याला निळा, हा क्रम पाळला की तापलेले तरुण तारे निळे आणि थंड म्हातारे तारे तांबडे-पिवळे दिसतात, आणि तो फरक खराखुरा, मोजलेला असतो. क्रम मोडला तर चित्र दिसायला तितकेच सुंदर राहते, पण त्याचा अर्थ उलटा होतो.

माझ्या चुकीचे हेच झाले. राष्ट्रीय विज्ञान दिनी एका शाळेत मी माझे पहिले मोठे चित्र लावले, त्याखाली तरुण तारे निळे असतात असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आणि मुलांना समजावून सांगू लागलो. नववीतली एक मुलगी जवळ जाऊन बघत राहिली आणि म्हणाली, “सर, तरुण तारे घोळक्याने राहतात म्हणालात ना? मग हा घोळका तर तांबडा आहे.” फाइलींची नावे उलटी पडल्याने सबंध एनजीसी २०६ तांबडा झाला होता आणि चौकटभर विखुरलेले म्हातारे तारे निळे झाले होते. चित्र उतरवून ठेवले. तेव्हापासून फाइल उतरवून घेतली की तिच्या नावाच्या आरंभीच मी फिल्टरचा आकडा लिहितो, आणि मथळ्यातल्या दोन्ही ओळी वाचून मगच लिहितो.

गिम्पमध्ये रंग देण्यासाठी ‘कलर्स’ खालील ‘कॉम्पोनंट्स’ मध्ये ‘कंपोज’ ही सोय आहे. तिला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन राखाडी थर लागतात आणि आपल्याकडे दोनच असतात. हिरवा थर दोन्हींची सरासरी काढून बनवावा: ८१४ च्या थरावर ४७५ चा थर ५० टक्के पारदर्शक करून ठेवावा आणि जे दिसते त्याचा नवा थर करून घ्यावा. मग ८१४ तांबड्याच्या जागी, सरासरी हिरव्याच्या जागी, ४७५ निळ्याच्या जागी. पहिले रंगीत चित्र पडद्यावर येते तो क्षण खरोखर सुखाचा असतो, त्यामुळे लगेच पुढे जाऊ नये. थोडा चहा घ्यावा.

आता धुळीकडे पाहावे. एनजीसी २०६ च्या आसपास तबकडीवर गडद शिरा दिसतात आणि त्यांच्या कडांशी तारे तांबूस होत गेलेले दिसतात. उन्हाळ्यात वावटळीनंतर मावळतीचा सूर्य तांबडालाल दिसतो, तसाच हा प्रकार आहे: धूळ निळा प्रकाश अधिक अडवते आणि तांबडा अधिक जाऊ देते. तुमच्या चित्रात धुळीची कड तांबूस न दिसता निळसर दिसत असेल, तर थर उलटे लागले आहेत असे खुशाल समजावे. माझ्या प्रसंगानंतर मी ही तपासणी सर्वांत आधी करतो.

रंगांचा तोल साधताना सगळी चौकट करडी करण्याचा मोह टाळावा. तबकडीचा एकंदर उजेड किंचित पिवळसर असणेच योग्य आहे, कारण त्यात जुन्या ताऱ्यांचा वाटा मोठा आहे. रंग गडद करण्याची सरकपट्टी मी १० ते १५ टक्क्यांपुढे नेत नाही. कोणी अधिक नेली तर तो त्यांचा प्रश्न, पण मग मंद ताऱ्यांच्या जागी रंगीत रवा पसरल्यासारखे दिसू लागते.

काय पुसावे आणि काय ठेवावे

चित्र शंभर टक्के मोठे करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, रांगेने, शेतात भांगलताना सरी धरून जावे तसे पाहावे. चौकटीच्या मधून एक आडवी पट्टी जाते, तिथे विशेष लक्ष द्यावे. एसीएसचा हा कॅमेरा दोन चकत्यांचा आहे आणि त्यांच्यामध्ये बारीक फट आहे. दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या नोंदींनी ती फट भरून काढलेली असते, परंतु तिथे नोंदींची संख्या कमी पडल्याने वैश्विक किरणांचे ओरखडे शिल्लक राहतात. हे किरण म्हणजे अतिवेगवान कण. ते कॅमेऱ्याच्या चकतीवर थेट आदळतात आणि ठिपका किंवा रेघ उमटवून जातात.

ओरखडा आणि तारा यांतला फरक ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली रंगाची: ओरखडा एकाच फिल्टरच्या नोंदीत पडलेला असतो, म्हणून तो निव्वळ निळा किंवा निव्वळ तांबडा दिसतो. मात्र या एका खुणेवर विसंबू नये, कारण फार थंड तारा निळ्या फिल्टरमध्ये जवळजवळ दिसतच नाही आणि तोही निव्वळ तांबडा येतो. म्हणून दुसरी खूण आकाराची: ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून येताना थोडा पसरतो, त्यामुळे त्याला मऊ कडा असतात आणि तो आजूबाजूच्या दोन-तीन पिक्सेलवर उतरत जातो; ओरखडा चाकूने कापल्यासारखा तुटक असतो. दोन्ही खुणा पटल्या तरच शेजारच्या पिक्सेलांच्या सरासरीने तो बुजवावा. शंका असेल तिथे हात लावू नये.

काही ठळक ताऱ्यांना अधिक चिन्हासारखे चार किरण फुटलेले दिसतील. हबलचा दुय्यम आरसा चार आधारपट्ट्यांवर बसवलेला आहे आणि प्रकाश त्या पट्ट्यांच्या कडांवरून वळल्याने ते उमटतात. यांतले बहुतेक मोठे तारे देवयानीतले नसतातच. ते आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आलेले असतात. चित्र ‘साफ’ करण्यासाठी त्यांना पुसणारे लोक आहेत. मी ते तसेच ठेवतो, कारण आपण आपल्या घराच्या खिडकीतूनच बाहेर बघत आहोत आणि खिडकीचे गज चित्रात यायला हरकत नाही. तबकडीच्या विरळ भागांत लांबट, पुसट ठिपके दिसले तर तेही दोष समजू नयेत. देवयानीच्या आरपार दिसणाऱ्या, तिच्याहून कितीतरी दूरच्या त्या दीर्घिका असतात.

धार वाढवण्याची साधने वापरायची असतील तर एकदाच आणि हलक्या हाताने वापरावीत. ताऱ्याभोवती काळे कडे दिसू लागले की एक पाऊल मागे घ्यावे.

मांडणी, मजकूर आणि छपाई

हबलची चौकट आकाशात कशाही कोनात वळलेली असते. उत्तर वर आणि पूर्व डावीकडे अशी मांडणी हवी असल्यास डीएस९ मध्ये दिशांचे बाण पाहून चित्र फिरवावे. फिरवणे चालते, आरशासारखे उलटवणे चालत नाही. उलटवलेल्या चित्राची दुसऱ्या कोणत्याही नकाशाशी सांगड बसत नाही.

चित्राखाली पुढील गोष्टी लिहाव्यात: वस्तूचे नाव, कॅमेरा, दोन्ही फिल्टर आणि त्यांना दिलेले रंग, हिरवा थर सरासरीने केला आहे ही कबुली, वेधाचा दिनांक, आणि मूळ नोंदींचे श्रेय नासा, ईएसए (युरोपीय अंतराळ संस्था) व संबंधित संस्थेला, त्यानंतर ‘चित्रप्रक्रिया’ म्हणून आपले नाव. ही ओळ लहान अक्षरांत का होईना, चित्रावरच असावी; मोबाइलवर पुढे पाठवताना वेगळा मजकूर गळून पडतो आणि उरते ते बेवारस चित्र.

छपाईसाठी शहरातल्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात फाइल द्यावी लागते. फ्लेक्स टाळावा, फोटो कागद घ्यावा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. म्हणून पडद्यावर सुरेख दिसणाऱ्या धुळीच्या शिरा कागदावर काळ्या चिखलासारख्या एकजीव होतात. मी छपाईची प्रत वेगळी काढतो आणि तिच्यातला मधला उजेड थोडा वाढवून ठेवतो. दुकानातला मुलगा हमखास विचारतो, “सर, मागचं जरा डार्क करू का, तारे उठून दिसतील?” त्याला नको म्हणून सांगावे, आपोआप रंगसुधारणा करण्याची सोय बंद करायला लावावी आणि मोठ्या आकाराआधी एक ए४ प्रत काढून ती दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावी. धुळीच्या शिरेत तारे अजूनही वेगळे दिसत असतील तर मोठी प्रत काढायला सांगावी. नसतील तर घरी येऊन मधला उजेड आणखी थोडा वाढवावा.